अग्रनदाशेजारचं त्रिकूट

डिसेंबरात रात्री आठच्या सुमाराला भामरागड किंवा सिरोंच्याकडच्या मोकळ्या धुऱ्यावर उभं राहून दक्षिणेला पाहा. क्षितिजापासून जेमतेम तेरा-चौदा अंश वर एक ठळक तारा दिसेल. तो अग्रनद. (चंद्रपूर शहरात, वीज केंद्राचा धूर आणि दिव्यांच्या झगमगाटात, तो हुडकावाच लागतो.) त्याच्या उजवीकडे पाचेक अंशांवर, डोळ्यांना रिकाम्या वाटणाऱ्या जागी, दोन लाल खुजे तारे एकमेकांभोवती फिरतात. आणि या जोडीभोवती गुरूच्या १२ ते १४ पट वस्तुमानाचा तिसरा गोळा फिरतो.

फिलिप देलोर्म आणि सहकाऱ्यांनी २०१२च्या नोव्हेंबरात चिलीतल्या ८.२ मीटरच्या दुर्बिणीतून तो टिपला. अंतर सुमारे दीडशे प्रकाशवर्षं. ‘टूमास जे ०१०३’ हे या जोडताऱ्याचं नाव गाडीच्या नंबरासारखं आहे, पण निवड विचारपूर्वक होती. दोन्ही तारे सूर्याच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढे, म्हणून मंद. सोबत्याचा उजेड ते झाकून टाकत नाहीत. वय अवघं तीन कोटी वर्षं, म्हणून सोबती अजून जन्माच्या उष्णतेनं तापलेला आणि अवरक्त प्रकाशात चमकणारा. ग्रहांचे थेट फोटो काढायचे तर तरुण आणि खुजे तारे सोयीचे पडतात.

पण शेजारी दिसणारा ठिपका मागचा दूरचा ताराही असू शकतो. मग २००२मधलं जुनं छायाचित्र निघालं. त्यातही ठिपका होताच, आणि दहा वर्षांत जोडी आभाळात जेवढी सरकली तेवढाच तोही सरकला होता.

हीच कसोटी आपल्या कुरुंदवाडात जन्मलेल्या श्रीनिवास कुलकर्णींच्या चमूनं आधी लावली होती. अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेत १९९४मध्ये त्यांना ग्लिझ २२९ या लाल ताऱ्याजवळ एक ठिपका दिसला. घाई न करता त्यांनी वर्षभर थांबून तो सोबत सरकतो का ते पाहिलं, आणि १९९५मध्ये निर्विवाद म्हणावा असा तपकिरी खुजा तारा जगापुढे आला. गंमत म्हणजे तो एक नाहीच, बारा दिवसांत एकमेकांभोवती फिरणारी जोडी आहे, हे २०२४मध्ये कळलं.

मग अग्रनदाजवळचा तो गोळा ग्रह की तपकिरी खुजा, म्हणजे फसलेला तारा? गुरूच्या १३ पटींच्या वर ड्युटेरियम जळू लागतं, म्हणून रेघ तिथे ओढतात. हा नेमका रेघेवर बसलाय. मला ती रेघ सोयीची वाटते, निर्णायक नाही. पृथ्वी-सूर्य अंतराच्या ८४ पट लांब, एवढ्या चिमुकल्या ताऱ्यांभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीत इतका ऐवज जमणं कठीण. हे दोन तारे ज्या ढगातून जन्मले त्याच ढगातून तोही तिसऱ्या ताऱ्यासारखा जन्मला असावा. त्याला ग्रह म्हणायला मी तरी तयार नाही.

अग्रनदाजवळचं त्रिकूट आपल्याला दिसणार नाही. ग्लिझ २२९ मात्र दिसू शकतो. विदर्भातले गोंड ज्या मृगात नांगर पाहतात, त्याच्या खाली शशक तारकासमूहात तो आहे. साधी द्विनेत्री दुर्बीण, ताऱ्यांचा चांगला नकाशा आणि जानेवारीतली अमावास्येची रात्र एवढं पुरे.