पाल्याच्या रसाने जखमेचे जंतू मरतात का?



भातकापणीत किंवा गवत कापताना विळा बोटाला लागला, की गंजाडकडे काय किंवा तलासरीकडे काय, पुष्कळजण बांधावरचा दगडीपाला (एकदांडी) चुरगाळून त्याचा रस जखमेवर पिळतात. रक्त थांबते असा अनुभव सांगतात. पण जखम चिघळवणारे जंतू त्याने मरतात का? हे प्रयोगशाळेत तपासता येते.

आधी झाड नक्की कोणते, ते वनस्पती जाणणाऱ्याकडून ठरवून घेतात. एकच नाव दोन गावांत दोन झाडांना असते, तेव्हा ही पायरी चुकली की पुढचे सारे फुकट. मग पाला धुऊन, सावलीत वाळवून, भुकटी करून थोडी पाण्यात व थोडी अल्कोहोलमध्ये भिजवतात. कारण काही द्रव्ये पाण्यात उतरतात, तर काही अल्कोहोलमध्येच. गाळला की झाला अर्क.

आता खरी परीक्षा. काचेच्या चपट्या बशीत ‘अगर’ ओततात. आपल्या बाजारातले चायना ग्रास ते हेच. त्यात जंतूंचे खाद्य घातलेले असते. वर पू करणारे जंतू सारवतात आणि अर्कात भिजवून वाळवलेली, ६ मिलिमीटरची कागदी टिकली ठेवतात. बशी ३७ अंश सेल्सिअस उबेत १८ ते २४ तास राहते. जंतू वाढले की बशीवर दुधट थर येतो. टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ राहिले, तर अर्काने तिथे जंतू वाढू दिले नाहीत असे समजायचे.

शेजारी नुसत्या अल्कोहोलची टिकली हवीच हवी. तिच्याभोवतीही तेवढेच वर्तुळ पडले, तर पाल्याचा गुण कसला? एक टिकली माहीत असलेल्या औषधाचीही ठेवतात. त्यानंतर अर्क निम्मा-निम्मा पातळ करीत किती कमी मात्रेत काम होते, ते नळ्यांत पाहतात.

दगडीपाल्याच्या अर्काने अशा चाचण्यांत काही जंतूंना रोखल्याचे दिसले आहे. मात्र वर्तुळ म्हणजे औषध नव्हे, बरं का! वर्तुळ फिनेलचेही पडते. अर्क अंगाला सोसतो का, जखमेत टिकतो का, हे बशी सांगत नाही. शिवाय प्रयोगशाळेतला अर्क गाळलेला. बांधावरच्या पाल्याला माती व शेण लागलेले. धनुर्वाताचे जंतू तिथेच असतात. त्यांचे कवचबंद रूप इतके चिवट, की पाण्याच्या साध्या उकळीनेही ते चटकन मरत नाही. खोल, बंद जखमेत हवा पोचत नाही, तिथे ते वाढतात व विष सोडतात.

म्हणून विळा, खिळा किंवा काटा खोल लागला, तर जखम साबणाने व भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, पाला बांधू नका. स्वच्छ फडके दाबून धरा व त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. धनुर्वाताचे इंजेक्शन याआधी कधी घेतले, ते तिथे सांगा.