सुट्टीतील उद्योग (लेखांक 5) : काठी, ओळंबा आणि माध्यान्हीची सावली

तेरच्या पुराणवस्तुसंग्रहालयाची सहल या आठवड्यात करावयाची असे गेल्या खेपेस ठरले होते; परंतु परंडा तालुक्यातील एका आजीबाईंचे पत्र मध्येच येऊन दाखल झाले, आणि त्यांच्या प्रश्नाला द्यावयाच्या उत्तराची मुदत साक्षात सूर्यानेच ठरवून दिलेली असल्यामुळे तेरची स्वारी मी एक आठवडा तहकूब करीत आहे.

आजीबाईंची तक्रार थोडक्यात अशी की, दहा वाजल्यानंतर नातवंडांना उन्हात सोडण्याची सोय नाही, शिबिरांचे शुल्क परवडण्याजोगे नाही, आणि घरात मुलांना काही शिकवावे इतके शिकलेले कोणी नाही. तेव्हा त्यांच्या हातातील मोबाइल सोडवावा तरी कशाने? माझे म्हणणे असे की, ज्या उन्हाने आपणांस कोंडून घातले आहे त्यालाच कामाला जुंपावे. आणि घरात जाणते कोणी नाही ही तर मोठीच सोय आहे. कारण ज्याला उत्तर ठाऊक असते तो वडीलधारा माणूस ते सांगून मोकळा होतो, आणि मुलाला स्वतः शोधण्यासारखे काही उरत नाही.

साहित्य म्हणजे एक मीटर लांबीची वेळूची सरळ काठी, सुतळी, पट्टी आणि जुनी वही. सारवलेल्या सपाट अंगणात काठी रोवून ती अगदी उभी आहे की नाही हे ओळंब्याने पाहावे. गवंड्याचा ओळंबा न मिळाल्यास दोऱ्याला बांधलेला खडाही तेच काम बिनतक्रार करतो. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत अशा काठीला शंकू म्हणत व त्याची उंची बारा अंगुळे धरीत. काठीभोवती काठीच्याच लांबीइतक्या त्रिज्येचे वर्तुळ सुतळीने आखावे. सकाळी नवाच्या सुमारास आखडत येणाऱ्या सावलीचे टोक या वर्तुळाला जेथे स्पर्श करील तेथे एक खूण, आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास लांबत जाणारे टोक पुन्हा जेथे वर्तुळ गाठील तेथे दुसरी. या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. यज्ञवेदी आखणाऱ्या शुल्बसूत्रकारांची हीच रीत होती. दोन्ही वेळा घड्याळात टिपून त्यांचा मध्य काढला म्हणजे खरी माध्यान्ह हाती येते, आणि ती घड्याळातल्या बारा वाजता नसून आपल्या धाराशिवात सध्या बारा वाजून बावीस मिनिटांच्या आसपास असते, हे पाहून घरातील थोरामोठ्यांनाही नवल वाटते. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशावरची, आपण 76 अंशांवर, मुख्यतः त्यामुळे ही तफावत.

आता मुदतीची गोष्ट. मेच्या आरंभी या काठीची माध्यान्हीची सावली उत्तरेकडे पाच-साडेपाच सेंटिमीटर पडते आणि दररोज सुमारे अर्ध्या सेंटिमीटरने आखडत जाते, ती 12 मे रोजी धाराशिवात नाहीशीच होते. त्या क्षणी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. सूर्याचे हे मार्गक्रमण जिल्ह्यातून दक्षिणेकडून उत्तरेकडे चालते : नळदुर्ग व उमरगा येथे 11 मे, धाराशिवात 12, तेरला 13, कळंबला 14, सालपरत्वे एखाद्या दिवसाचा फरक पडेल. म्हणजे आमची तहकूब सहल 13 तारखेस ठरविली तर तेथील संग्रहालयातील, लामतुरे यांनी जमविलेल्या मातीच्या मूर्ती पाहून झाल्यावर मुलांना तेरच्या भूमीवर सावलीही हरवून घेता येईल. मामा कळंबला आणि आत्या उमरग्याला असेल तर सलग चार दिवस फोनवरून या सूर्याचा पाठलाग करता येतो. त्यानंतरचा चमत्कार तर पुष्कळांनी कधी न्याहाळलेलाच नसतो : 12 मेपासून जुलैच्या अखेरीपर्यंत आपल्याकडे माध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते, आणि वर्षभर छायेत राहणाऱ्या उत्तरेच्या भिंतीला भर दुपारी ऊन लागते. जुलैअखेरीस सूर्य पुन्हा एकवार डोक्यावर येतो खरा, परंतु त्या वेळी आभाळात ढग असण्याचाच संभव अधिक. जयपूर-दिल्लीकडील मुलांच्या वाट्याला हा योग कधीच येत नाही, कारण ती गावे कर्कवृत्ताच्या पलीकडे आहेत.

मोजणी सुरू झाली की भांडण ठरलेले. थोरली म्हणते सावली येथे संपली, धाकटा बोटभर पुढे खूण करतो, आणि दोघेही खरे असतात. कारण सूर्य हा बिंदू नसून सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीचे टोक नऊएक मिलिमीटर धूसर होऊन पसरते. यावर तोड अशी : पुठ्ठ्याला टाचणीने छिद्र पाडून तो काठीच्या माथ्यावर आडवा बांधावा, छिद्रातून ओळंबा सोडून त्याच्या बरोबर खाली जमिनीवर खूण करावी, आणि पुठ्ठ्याच्या छायेत जो वाटोळा प्रकाशाचा ठिपका पडतो त्याच्या मध्यापासून त्या खुणेपर्यंत अंतर मोजावे. तो ठिपका म्हणजे सूर्याचेच चित्र होय. मुलांनी ते जमिनीवरच पाहावे. वर सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी क्षणभरही पाहू देऊ नये, डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा भरून येत नाही. माध्यान्हीचे काम दहा मिनिटांचे असते. डोक्याला उपरणे आणि घरात ताक तयार असावे, म्हणजे झाले.

ज्यांचे आप्त माळव्यात असतील त्यांच्यासाठी याहून मोठा डाव आहे. उज्जयिनी आपल्या जवळजवळ सरळ उत्तरेस, त्याच रेखावृत्ताच्या आसपास आहे. 12 मे रोजी येथे सावली शून्य असताना तेथे मीटरभर काठीची सावली पावणेनऊ सेंटिमीटरच्या आसपास भरते. तो त्रिकोण कागदावर काढून कोनमापक लावला तर कोन पाच अंशांचा येतो. पाच अंश म्हणजे वर्तुळाचा बहात्तरावा भाग, आणि दोन्ही गावांमधील सरळ अंतर सुमारे 555 किलोमीटर. गुणाकार केला की पृथ्वीचा परीघ 39,960 किलोमीटर मिळतो, खरा सुमारे 40,000. ग्रीक विद्वान एरॅटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये हीच युक्ती केली. आपल्या भास्कराचार्यांनीही 1150 सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त विषुववृत्तापासून उज्जयिनी परिघाच्या सोळाव्या भागावर आहे, म्हणून ते अंतर सोळापट केले की परीघ मिळतो, असा हिशेब मांडला आहे.

अंतर आणि कोन यांच्यावरून पृथ्वी मोजण्याचा हा नाद माणसाला कोठवर नेतो याचा दाखला म्हणजे इंग्रज मोजणीदार विल्यम लॅम्बटन. 1802 साली मद्रासहून मोजणी आरंभून निजामाच्या मुलखातून, बीदरवरून, तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि 1823 साली हिंगणघाटच्या मुक्कामी वारला. तंजावरला मंदिराच्या शिखरावर चढविताना त्याचे सुमारे अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र दोर तुटून आदळले, तेव्हा त्याने ते कित्येक आठवडे खपून स्वतःच्या हातांनी सरळ केले आणि पुन्हा मोजणीस प्रारंभ केला.

तेव्हा आजीबाई, आपण फक्त घड्याळ सांभाळावे आणि नातवंडांनी आकडे सांगितले की 'कशावरून?' एवढेच विचारावे. वाचकांनी गावाचे नाव, तारीख, काठीची लांबी, सावली आणि वेळ मुलांच्याच अक्षरात लिहून माझ्याकडे धाडावी. परीघ अडतीस हजार येवो वा त्रेचाळीस हजार, वडीलधाऱ्यांनी त्यात दुरुस्ती करू नये. बरोबर चाळीस हजारांचा कागद आला तर तो बाबांनी भरला आहे असे मी समजेन.