१९११ चा इंग्लंड दौरा : हरलेल्या संघातले बाळू पालवणकर

यंदा आपल्या शाळेचा कबड्डी संघ केंद्रस्तरावर तिन्ही सामने हरला. दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी खेळाडूंना पुढे बोलावलं, तर एक जण हळूच म्हणाला, "सर, हारलो ना आपण, मग कशाला पुढे बोलावता?" त्याच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आजचा हा पाठ.

१९११ साली हिंदुस्थानचा क्रिकेट संघ इंग्लंडला गेला. सर्व समाजांचे खेळाडू एकत्र घेतलेला हा पहिलाच संघ. त्यात पारशी, हिंदू, मुसलमान खेळाडू होते आणि कर्णधार होते पटियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. त्या दौऱ्याचा हिशोब फळ्यावर असा मांडता येईल :

एकूण सामने २३
विजय ६
पराभव १५
अनिर्णित २

यातले १४ सामने प्रथम श्रेणीचे, म्हणजे मोठ्या दर्जाच्या संघांशी होते. त्यात २ जिंकले, १० हरले. म्हणजे निकाल वाईटच!

असं का झालं? पहिलं कारण, हे खेळाडू एकमेकांसोबत खेळलेलेच नव्हते. तेव्हा मुंबईत धर्मानुसार वेगवेगळे संघ असायचे. काल जे समोरासमोर होते, ते आज एका संघात आले. दुसरं कारण, कर्णधारच मैदानावर फारसे नसायचे. त्याच वर्षी लंडनला राजे पंचम जॉर्ज यांचा राज्याभिषेक होता. महाराज समारंभ आणि मेजवान्यांत गुंतले. प्रथम श्रेणीचे फक्त ३ सामने ते खेळले.

आता याच दौऱ्यातला आणखी एक आकडा बघा : ११४. एवढे बळी एकट्या बाळू पालवणकरांनी घेतले. त्यातले ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले. डाव्या हाताने संथ फिरकी टाकणारा हा गोलंदाज. संघ हरत होता, तरी बाळू दर सामन्यात चेंडू हातात घेऊन उभेच.

बाळू कोण होते? जन्म १८७६, धारवाडचा. चर्मकार समाजातले. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात ते महिना चार रुपयांवर मैदानाची कामं करायचे. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळं बांधायचं आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायची. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी देत नसे. पण रोज तासन्‌तास चेंडू टाकून टाकून हात असा बसला की पुढे हिंदू संघालाही त्यांना घ्यावंच लागलं. घेतलं, पण कसं? मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा. मुलांनो, इथे थोडं थांबा. चेंडू चालतो, कप चालत नाही. याला काय म्हणायचं?

परत १९११ कडे येऊ. जुलैमध्ये लेस्टरशायरविरुद्ध बाळूंनी सामन्यात ११ बळी घेतले आणि आपला संघ जिंकला. मग सॉमरसेटविरुद्ध बाळूंचे धाकटे भाऊ शिवराम यांनी नाबाद ११३ धावा केल्या आणि सामना अवघ्या १ गड्याने जिंकला. प्रथम श्रेणीचे दोनच विजय, आणि दोन्हीकडे पालवणकर भावांचा मोठा वाटा.

बाळू मुंबईला परतले तेव्हा दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्या मते, या सत्काराच्या मानपत्रामागे तेव्हा कॉलेजात शिकणारे भीमराव आंबेडकर होते. सत्कार हरलेल्या संघातल्या माणसाचा होता. पण लोकांनी १५ पराभव मोजले नाहीत. आपल्यातला एक जण साहेबांच्या देशात जाऊन साहेबांना बाद करून आला, हे त्यांनी पाहिलं.

बाळूंना हिंदू संघाचं कर्णधारपद कधीच दिलं गेलं नाही. त्यासाठी भांडावं लागलं. शेवटी १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले. ११४ बळी घेऊनही जे मिळालं नाही, ते घरात यायला आणखी १२ वर्षं लागली.

म्हणून सांगतो, निकालाचा तक्ता खोटा नसतो, पण तो अर्धाच असतो. कोण हरलं ते त्यात दिसतं. कोण शेवटपर्यंत टाकत राहिलं, ते आपण शोधावं लागतं. आपल्या तीन सामन्यांतही कोणी किती पकडी केल्या, ते मी वहीत लिहून ठेवलंय. उद्या परिपाठात वाचणार आहे. पुढे यायला लाजू नका.

स्वाध्याय :
१) २३ पैकी १५ सामने हरले, तर शेकडा किती पराभव झाले?
२) ११४ बळींपैकी प्रथम श्रेणीबाहेरचे बळी किती?
३) चेंडू एक, पण चहाचं भांडं वेगळं. तुम्ही त्या संघात असता तर काय केलं असतं? पाच ओळी लिहा.