बॉयलरचं कव्हर : घ्यावं की न घ्यावं?

रेडिंग (इंग्लंड) : ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं तासभर मागे जातात, आणि त्याच सुमारास टपालातून बॉयलर कव्हरची पत्रकं दारात पडू लागतात. महिन्याला पंधरा ते तीस पौंड भरा, बॉयलर बिघडला की आमचा माणूस येईल. आपल्याकडे एसीची एएमसी असते, तसंच काहीसं.

इथल्या बहुतेक घरांत स्वयंपाकघराच्या कपाटात गॅसवर चालणारी एक पांढरी पेटी असते. नळाला गरम पाणी तीच देते, रेडिएटरही तीच तापवते. ती रुसली की आंघोळ आणि ऊब दोन्ही गेली. गॅसच्या भागाला हात लावायचा तर माणूस गॅस सेफ रजिस्टरवर नोंदलेलाच लागतो, असा कायदा आहे. त्यामुळे ओळखीपाळखीचा कारागीर बोलावून काम उरकणं इथे नाही.

भाड्याने राहणाऱ्याने हे पत्रक सरळ केराच्या टोपलीत टाकावं. १९८५ च्या कायद्याने हीटिंगची दुरुस्ती घरमालकाच्या गळ्यात आहे. नव्या बॉयलरला कंपनीचीच पाच-दहा वर्षांची वॉरंटी असते, मात्र दरवर्षी सर्व्हिसिंग चुकवायचं नाही.

खरा घोळ जुन्या बॉयलरचा. महिन्याला वीस म्हणजे वर्षाला २४० पौंड. त्यात सर्व्हिसिंग धरलेलं असेल, तर बाहेर त्याचेच शंभरेक जातात. उरलेल्या पैशांत फॅन किंवा पंपाची एखादी दुरुस्ती दोन वर्षांत निघाली, तरी हिशेब जेमतेम जुळतो. पण दर खेपेला काही रक्कम आपणच भरायची अट पुष्कळ योजनांत असते. बॉयलर फार म्हातारा असेल तर कंपनी त्याला घेतच नाही, किंवा दुरुस्ती परवडत नाही म्हणून हात वर करते. नव्याला दोन-तीन हजार पौंड लागतात, ते आपलेच. शिवाय क्षार आणि गाळ यांमुळे झालेला बिघाड अनेकदा वगळलेला असतो. थेम्सकाठचं पाणी इतकं जड की केटलीच्या तळाला पांढरी खपली धरते. बॉयलरच्या पोटातही तेच चाललेलं असतं, म्हणजे इथला नेहमीचा रोगच यादीबाहेर!

आणि कव्हर असलं तरी माणूस कधी येणार? कडाक्याची थंडी पडली की सगळ्यांचेच बॉयलर एकदम बंद पडतात. २०१८ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या हिमलाटेत घराबाहेर निघणारी सांडपाण्याची प्लॅस्टिक नळी गोठून असंख्य बॉयलर अडले. पेटी गुळगुळ आवाज करते आणि थांबते. तेव्हा कोमट (उकळतं नव्हे) पाणी भांड्याने त्या नळीवर ओतायचं, बर्फ सुटला की रीसेटचं बटण दाबायचं. या कामाला कंपनीचा माणूस लागत नाही.

ज्याच्या गाठीला चार पैसे आहेत त्याने कव्हर घेऊ नये, असं माझं मत. त्यापेक्षा उन्हाळ्यात जवळचा नोंदणीकृत मेकॅनिक गाठावा, सर्व्हिसिंग त्याच्याकडूनच करून घ्यावं. ओळखीच्या गिऱ्हाइकाचा फोन जानेवारीतही उचलला जातो. घरात तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस असेल आणि अचानक तीन-चारशे पौंड काढणं जड जाणार असेल, तर मात्र घ्यावं. पण थंडीच्या तोंडावर नको. बऱ्याच योजनांत पहिले दोन ते चार आठवडे दावाच करता येत नाही.