पॅनेल सॉचा क्लॅम्प: विकत घ्यायचा की वर्कशॉपमध्येच बनवायचा?



मागे एका नव्या मॉड्युलर फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये गेलो होतो. कर्ज काढून घेतलेला स्लायडिंग टेबलचा पॅनेल सॉ, मशीन अजून चकचकीत. कारागीर चार इंची पट्टी कापत होता आणि ती तळहाताने दाबून धरत होता. हात आणि पातं यांच्यात वीतभरही अंतर नव्हतं. मी विचारलं, "दादा, मशीनबरोबर क्लॅम्प आला असेल ना?" तो म्हणाला, "आलाय की सर, कपाटावर ठेवलाय." खाली काढला तर अजून प्लास्टिकमध्येच! का लावत नाही विचारलं, तर म्हणे, "लावा-काढायला वेळ जातो. आमचं काम नगावर."

त्याचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही. क्लॅम्प किती मजबूत आहे ते नंतर बघू. तो हाताइतक्या पटकन लागतो का, हे आधी बघा. नाही लागला, तर तो कपाटावरच जाणार. मग तो हजारांचा असो की फुकटचा.

आता क्लॅम्प लागतोच कशाला? पूर्ण आठ बाय चारची शीट कापताना सहसा लागत नाही, शीटचं वजनच तिला धरून ठेवतं. अडचण होते ती अरुंद पट्टीला, छोट्या तुकड्याला आणि फेन्स ४५ अंशात लावून केलेल्या कापाला. तिरक्या कापात तुकडा फेन्सला लागून हळूच सरकतो. डोळ्याला दिसत नाही, पण चार बाजू जोडताना कोपऱ्यात फट पडते. लॅमिनेटच्या मालात आणखी एक भानगड आहे. स्कोअरिंगचं छोटं पातं खालून आधी बारीक खाच पाडतं आणि मागून मोठं पातं त्याच रेषेत येतं. मधे माल अर्धा मिलिमीटर जरी बाजूला हलला तरी कडा कुरतडल्यासारखी निघते. एज बँड लावला तरी ते लपत नाही. शीट गेली, मजुरी गेली, ग्राहकाला दिलेली तारीखही गेली.

आणि बोटांचं काय? ३०० मिमीचं पातं मिनिटाला ४००० फेरे फिरत असेल, तर त्याचे दात ताशी २२६ किलोमीटरने धावत असतात. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. कामावर अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकाची, हे आपल्याकडे १९२३ च्या कायद्यापासून चालत आलंय. त्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरलेलं होतं. कारागिराच्या दृष्टीने हा आकडा मला कमीच वाटतो.

विकत काय घ्यायचं? मशीनबरोबर येतो तो एक्सेन्ट्रिक क्लॅम्प, म्हणजे टेबलाच्या खाचेत उभा दांडा, त्यावर वर-खाली सरकणारा हात आणि एका झटक्यात दाब देणारी मूठ. हा घरी बनवायच्या भानगडीत पडू नका. उलट असाच दुसरा घ्या. आठ फुटी पट्टीला दोन्ही टोकांना दाब लागतो, एकाने भागत नाही. सेकंड हँड मिळाला तरी चालेल, फक्त तुमच्या टेबलाची खाच व्हर्नियरने मोजून मगच पैसे द्या. हवेवर चालणारा प्रेशर बीम छान असतो, पण सुरुवातीलाच त्यात भांडवल अडकवू नका, असं माझं मत. एकाच मापाचे शंभर तुकडे असतील तर टॉगल क्लॅम्प घ्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा तुमच्या गावच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळतो. प्लायच्या जिगवर बसवला की टक्-टक् काम होतं.

बनवायचा तो पट्टी क्लॅम्प. एका लेथवाल्याकडून खाचेत बसणारा टी-नट करून घ्या, चांगला ५०-६० मिमी लांब. आखूड नट आवळला की ॲल्युमिनियमच्या खाचेचे ओठ उचलले जातात आणि ते दुरुस्त करणं महागात पडतं. त्यात १२ मिमीचा आट्याचा गज, गजावर सागाची किंवा बाभळीची फूटभर पट्टी. पट्टीचं पुढचं टोक मालावर, मागचं टोक पॅकिंगवर.

इथेच बहुतेक जण चुकतात. गज मालाच्या जवळ हवा, पॅकिंगच्या जवळ नाही. गजापासून माल ५ सेंटिमीटरवर आणि पॅकिंग १५ सेंटिमीटरवर असेल, तर आवळलेल्या जोरातला पाऊण हिस्सा मालावर येतो. उलटं केलंत तर पावच येतो, बाकीचा पॅकिंग दाबण्यात वाया. पॅकिंग मालापेक्षा मिलिमीटरभर उंच ठेवा, म्हणजे पट्टीचं नाक नीट टेकेल. १८ च्या मालासाठी १८ च्याच प्लायच्या तुकड्यावर १ मिमी लॅमिनेट चिकटवलं की झालं पॅकिंग. पट्टीच्या खाली गजावर एक स्प्रिंग घाला, सैल केल्यावर पट्टी आपोआप वर राहते. टोकाला रबर लावा, लॅमिनेटवर ओरखडा नको. आणि वर नट नको, हाताने फिरणारी मोठी मूठ हवी. पान्हा लागला की हाही क्लॅम्प कपाटावर गेलाच समजा.

छोट्या तुकड्यांसाठी जर्मन सुतारांची एक युक्ती आहे, नाव फ्रिट्झ आणि फ्रान्झ. १९०६ मध्ये स्लायडिंग टेबलचा सॉ आणणारा विल्हेल्म आल्टेनडॉर्फही जर्मनच. हे दोन लाकडी ठोकळे. एक टेबलाच्या पुढच्या टोकाच्या फेन्सला टेकवायचा, दुसऱ्याला मूठ. तुकडा दोघांच्या मधे, तोंडाला सँडपेपर. मुठीने पुढे ढकललं की तुकडा चिमटीत धरला जातो आणि त्याच जोराने टेबलही पुढे जातं. आवळणं नाही, सोडणं नाही. नगावरचा कारागीरसुद्धा हे आनंदाने वापरतो, मी पाहिलंय.

दोन गोष्टी मात्र पाळा. क्लॅम्प फक्त टेबलाच्या बाजूच्या मालावर लावा. पात्याच्या पलीकडे पडणारा तुकडा मोकळाच हवा. उजवीकडचा रिप फेन्सही पात्याच्या अलीकडे मागे ओढून ठेवा, नाहीतर तो तुकडा पातं आणि फेन्समध्ये अडकून तुमच्याच अंगावर येईल. आणि नवा क्लॅम्प बसवला की मोटर बंद ठेवून टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा ढकलून बघा. गजाचं डोकं गार्डला लागतंय का, हे मोटर चालू करायच्या आधीच कळलेलं बरं.

पुढच्या व्हिडिओत फ्रिट्झ-फ्रान्झ प्रत्यक्ष बनवू. १८ मिमी प्लायचे दोन तुकडे, एक जुनी मूठ आणि १२० नंबरचा सँडपेपर काढून ठेवा.