पहिली दहा मिनिटं सोबत्याची

घाटावर असो की घाटाखाली, बुलढाणा जिल्ह्यात बर्फ भेटतो तो रसवंतीवर, नाहीतर गोळ्याच्या गाडीवर. अवकाळीत गारा पडल्या तर शेतात. तरीही ऑक्टोबर २०२३ पासून सियाचिन हे नाव इथे भूगोलाच्या पुस्तकापुरतं राहिलेलं नाही. पिंपळगाव सराईचे अग्निवीर अक्षय गवते यांना तिथे कर्तव्यावर असताना वीरमरण आलं. त्यामागे हिमस्खलन नव्हतं, पण त्याआधी जानेवारी २०१७ मध्ये गुरेझच्या हिमस्खलनात शेजारच्या अकोला जिल्ह्याने जवान गमावले होते. आता हौसेनेही लोक बर्फात जातात. गुलमर्गच्या गोंडोल्यातून अफरवाटवर चढायचं आणि आखलेली, राखलेली वाट सोडून कोऱ्या बर्फावरून स्कीवर उतरायचं, याला ऑफ-पिस्ट म्हणतात. त्या उतारावर पाय ठेवण्याआधी काही समजुती घरीच सोडून गेलेलं बरं.

गैरसमज १ : मोठ्याने ओरडलं की बर्फाचा कडा कोसळतो.

वस्तुस्थिती : हे सिनेमात घडतं. माणसाच्या आवाजाचा दाब त्यासाठी फारच अपुरा असतो. खरं कारण असतं वजन. जुन्या बर्फात कधीकधी साखरेसारख्या सुट्या दाण्यांचा थर तयार होतो. त्यावर वाऱ्याने दाबलेला घट्ट थर बसतो, म्हणजे कचेवर नुसती ठेवलेली शहाबादी फरशीच. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल आणि वर माणसाचा भार आला, तर ती फरशी तडकून निसटते. स्कीपटूंचा बळी घेणारी बहुतेक हिमस्खलनं त्यांच्याच किंवा त्यांच्या सोबत्यांच्या भाराने सुटलेली असतात.

गैरसमज २ : ऊन पडलंय, आधी कुणीतरी उतरून गेलंय, म्हणजे उतार पक्का आहे.

वस्तुस्थिती : मोठ्या हिमवर्षावानंतरचा पहिला स्वच्छ दिवस हा सर्वांत फसवा. नवा बर्फ अजून बसलेला नसतो आणि माणसं मात्र उतावीळ झालेली असतात. पहिले चार जण सुखरूप गेले तरी पाचव्याचं वजन नेमकं कच्च्या जागी पडू शकतं. अफरवाटच्या उतारांवर फेब्रुवारी २०२३ मध्ये पोलंडचे दोन स्कीपटू दगावले. पुढच्याच फेब्रुवारीत गुलमर्गजवळ एका रशियन स्कीपटूचा जीव गेला.

गैरसमज ३ : बर्फ हलका असतो, हातांनी उकरून बाहेर येता येतं.

वस्तुस्थिती : खामगावची जिनिंग पाहिलेल्याला हे लगेच कळेल. सुटा कापूस किती हलका, आणि तोच दाबून बांधलेली गठाण किती कठीण! ताज्या भुसभुशीत बर्फाचं वजन घनमीटरला शंभर किलोच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतं. कोसळून थांबलेल्या ढिगाचं तीनशे ते पाचशे किलो भरतं. थांबताक्षणी तो आवळतो. आत अडकलेल्याला बोटसुद्धा हलवता येत नाही.

गैरसमज ४ : हणमंतप्पा सहा दिवस जगले, म्हणजे मदत येईपर्यंत तग धरता येतो.

वस्तुस्थिती : ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचिनच्या सोनम चौकीवर हिमस्खलन झालं आणि दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातले सुनील सूर्यवंशीही होते. लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण ११ फेब्रुवारीला त्यांनीही प्राण सोडला. लोकांच्या लक्षात राहिला तो चमत्कार. बाकीचे नऊ जण सापडले ते मृतावस्थेत, हे मात्र विस्मरणात गेलं. स्वित्झर्लंडमध्ये १९८१ ते २०२० या काळातल्या दुर्घटना तपासल्या गेल्या. पूर्ण गाडलेल्याला दहा मिनिटांत बाहेर काढलं तर जगण्याची शक्यता नव्वद टक्क्यांवर असते. अर्ध्या तासात ती सुमारे एक-तृतीयांशावर येते, कारण श्वास कोंडतो. दहा मिनिटांत हेलिकॉप्टर पोचत नाही. वाचवू शकतो तो शेजारी उभा असलेला सोबती.

गैरसमज ५ : बीकन अंगावर आहे, मग काळजी नाही.

वस्तुस्थिती : बीकन, म्हणजे ट्रान्सीव्हर, ४५७ किलोहर्ट्झवर संदेश पाठवतो आणि पकडतो. तो जागा दाखवतो, खोदत नाही. प्रत्येकाजवळ तीन वस्तू हव्यात : ट्रान्सीव्हर, लांब घडीची सळई म्हणजे प्रोब, आणि धातूचं फावडं. सोबती शेवटचा कुठे दिसला ती जागा ध्यानात ठेवायची. पुन्हा बर्फ सुटण्याचा धोका नाही हे पाहायचं. मग सगळ्यांनी आपापले ट्रान्सीव्हर शोधाच्या स्थितीत आणायचे आणि मोबाइल त्यांच्यापासून लांब ठेवायचे. संदेश सर्वांत जोरात मिळेल तिथे प्रोब खुपसायचा. लागला की तो तसाच ठेवून खोदायचं, पण विहिरीसारखं वरून खाली नाही. उताराच्या खालच्या बाजूने आडवं शिरायचं. आधी तोंड-नाक मोकळं करायचं, श्वास नसेल तर लगेच कृत्रिम श्वास द्यायचा.

गैरसमज ६ : अनुभवी माणसाला धोका नसतो.

वस्तुस्थिती : ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडमध्ये ‘द्रौपदी का डांडा २’ शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली. मृतांमध्ये प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट आणि मकालू सर केलं होतं. म्हणून जाणकारही आधी चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलन-इशारा पाहतात, संशयित उतार एकेकाने ओलांडतात आणि मनात शंका आली की मागे फिरतात.

उताराची पारख बर्फातच शिकावी लागते, शोधाचा सराव मात्र बुलढाण्यातही होतो. खळ्यावरच्या कुटाराच्या ढिगात चालू ट्रान्सीव्हर पुरा, सोबत्याला पाठ फिरवून उभं करा आणि घड्याळ लावा. पहिल्या खेपेला दहा मिनिटं कधी संपली ते कळणारही नाही.