ईदच्या वाटीतला गहू

ईदच्या सकाळी आमच्या परभणीच्या घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो. पाच वर्षांची नात विचारते, "शीरखुर्मा झाला का?" तिच्या मागं तिचा धाकटा भाऊ वाटी घेऊनच उभा असतो.

मंडळी, शीरखुर्मा हे नाव फारसी आहे. शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. खारका आदल्या रात्रीच भिजत घालायच्या. सकाळी त्यांचे काप करायचे. शेवया, चारोळी, बदाम तुपात परतून आटवलेल्या दुधात सोडायचे. महिनाभराचे रोजे संपलेले असतात, म्हणून रमजान ईदच्या नमाजला जाण्याआधी काही गोड खाऊन निघण्याची रीत आहे. खजूर खायचे, तर एक, तीन, पाच असे विषम संख्येत.

पण त्याच्याही आधी एक हिशेब पुरा करायचा असतो. त्याला फितरा म्हणतात. ऐपत असलेल्या माणसानं स्वतःचा आणि आपल्या लहान मुलांचा वाटा गरिबाला द्यायचा. माणशी सुमारे पावणेदोन किलो गहू किंवा तेवढी रक्कम. खजूर धरले, तर वजन दुप्पट. ईदच्या पहाटेपूर्वी जन्मलेल्या बाळाचाही फितरा असतो. आणि हे सारं नमाजच्या आधी द्यायचं. कारण साधं आहे. घेणाऱ्याच्या घरीही त्याच सकाळी चूल पेटली पाहिजे.

नातवंडांना हे समजावं म्हणून मी दोघांसमोर गहू मोजतो. "हा तुझा, हा तुझा." आपल्या नावाचं काही दुसऱ्याच्या घरी जाणार, याचं त्यांना मोठं अप्रूप वाटतं.

आमच्याकडे शीरखुर्म्याशेजारी आणखी एक छोटी वाटी असते. भरडलेल्या गव्हाची, गुळाची खीर. मुलं ती नाक मुरडत खातात. तिची गोष्ट 1972 सालची आहे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यानं ईद दरवर्षी मागं सरकते. त्या वर्षी ती नोव्हेंबरात आली होती. मराठवाड्यात पाऊस नव्हता, पिकं करपली होती, माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. अब्बाही त्यांतलेच. मी अंगावर पिणारा होतो.

अम्मीनं मला हे फार उशिरा, मी कमावता झाल्यावर सांगितलं. त्या वर्षी आम्ही फितरा दिला नव्हता. आमच्या घरी तो आला होता. चांदरातीला कुणीतरी दारात गव्हाची पिशवी ठेवली. दूध नव्हतं, शेवया नव्हत्या. अम्मीनं रात्रीच गहू भरडले, शिजवले, होता तेवढा गूळ घातला. सकाळी भावंडं खीर खाऊन नमाजला गेली.

यंदा ही गोष्ट मी पहिल्यांदाच नातवंडांना सांगितली. नातीनं वाटी खाली ठेवून विचारलं, "पिशवी कोणी ठेवली होती?"

अम्मीला ते ठाऊक होतं. पण तिनं नाव शेवटपर्यंत सांगितलं नाही. देणाऱ्यानं तिच्याकडून तसा शब्द घेतला होता.

नातीनं खीर संपवली. मग शेजारच्या काकूंसाठी झाकून ठेवलेला शीरखुर्म्याचा डबा उचलून ती सांडू न देता हळूहळू चालत गेली.